डाव्या हाताची करंगळी

दिवाळीच्या आगेमागे आमच्या अकोले तालुक्याचा पश्चिम भाग पिवळाजर्द होतो. राजूर ओलांडून भंडारदऱ्याकडे निघालं, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं, कापून आडव्या टाकलेल्या पेंढ्या आणि मागे डोंगर! पुण्या-मुंबईची पाहुणेमंडळी गाड्या थांबवून फोटो काढतात. त्या फोटोंत पाठमोऱ्या, वाकलेल्या बायका हमखास असतात. त्यांचे हात मात्र फोटोत येत नाहीत.

मी बचतगटांच्या कामानिमित्त या गावांमधून बरीच वर्षं फिरते आहे. बैठक झाली, की वहीवर सह्या-अंगठे घ्यायचे. पंधरा-वीस जणींचे हात एकापाठोपाठ एक समोर येतात. पहिली काही वर्षं मी फक्त सह्या बघितल्या. मग कधीतरी हात दिसायला लागले. बहुतेक प्रत्येकीच्या डाव्या हाताच्या करंगळीवर, नाहीतर शेजारच्या बोटावर, एक तिरकी पांढरी रेघ. कुणाला एक, कुणाला तीन. विचारलं, की एकच उत्तर, 'इळा लागला व्हता.' कधी? 'लगीन झालं त्या साली.' 'थोरला पोटात होता तवा.' दवाखान्यात गेला होतात का, असं विचारलं, की सगळ्या जणी हसतात. एवढ्याशा बोटासाठी कोण दवाखान्यात जातं?

करंगळीच का, हे भात कापताना एकदा बघितलं की लगेच कळतं. डाव्या हातात भाताची मूठ धरायची, उजव्या हातातला विळा मुळाशी घालून आपल्याकडे ओढायचा. डावा हात खाली जातो तेव्हा करंगळी सगळ्यात खालच्या बाजूला, म्हणजे पात्याच्या सगळ्यात जवळ असते. मूठ भरत आली, की बोटं ताडांच्या आड दिसेनाशी होतात. त्यात पात सावडीची असेल, म्हणजे आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, तर शेजारणीच्या बरोबरीनं पुढे सरकायचं असतं. दुपार कलते, कंबर बोलायला लागते, विळ्याची धार गेलेली असते आणि ती गेली म्हणून जोर जास्त लावावा लागतो. धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यार जास्त दगा देतं, ते यासाठी. शहरातल्या मैत्रिणींनो, तुमच्या ओट्यावरच्या चाकूलाही हेच लागू आहे. टोमॅटोची साल कापली जात नाही म्हणून चाकू दाबला जातो, तो सटकतो आणि डाव्या हाताच्या बोटावर येतो. खाचर आणि ओटा यांत या बाबतीत फार फरक नाही.

एका गटातल्या वहिनींची गोष्ट सांगते. वय चाळिशीच्या आतलं. शेवटची पात राहिली होती, सूर्य डोंगराआड चालला होता आणि विळा करंगळीच्या मधल्या पेरावर आतल्या बाजूनं बसला. रक्त फार आलं नाही. सासूबाईंच्या चंचीतला चुना आणि तंबाखू त्यावर दाबला, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि पात पुरी करूनच त्या बांधावर आल्या. जखम पंधरा दिवसांत भरलीसुद्धा. सगळं नीट झालं, असं घरात सगळ्यांनी धरलं. मात्र करंगळी वाकेना. मूठ मिटली, की चार बोटांमधून ती एकटी सरळ उभी! पोरं हसायची, त्याही हसायच्या. महिन्याभरानं संगमनेरला दुसऱ्याच कामासाठी गेल्या असताना हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवला. डॉक्टर म्हणाले, 'ताई, ही त्या दिवशीच आला असता तर दोन टोकं जोडून दिली असती.'

कसली टोकं? आपलं बोट वाकतं ते बोटातल्या स्नायूंमुळे नाही. बोटात स्नायू नसतातच म्हटलं तरी चालेल. ते असतात कोपराखाली आणि तळहातात. तिथून दोरीसारख्या कंडरा निघून बोटांच्या टोकांपर्यंत जातात. सायकलच्या ब्रेकची तार असते ना, अगदी तशी व्यवस्था. हँडलजवळ दाबलं, की चाकाजवळ पकडतं. तार तुटली, तर ब्रेक कितीही दाबा, चाक फिरतच राहणार. आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच 'शीर' म्हणतात, रक्ताची तीही शीर आणि ही दोरीही शीर. त्यामुळे घोटाळा होतो. रक्त थांबलं म्हणजे शीर तुटलेली नाही, असा समज होतो. कंडरा तुटली तर रक्त फारसं येतही नाही. तुटलेलं टोक मात्र ताणलेल्या रबरासारखं मागे तळहातात सरकतं. पहिल्या काही दिवसांत ते शोधून शिवता येतं. दोन-तीन आठवडे उलटले, की ते आखडतं, आजूबाजूला चिकटतं आणि साधी शिलाई पुरेनाशी होते. मग दुसरीकडची कंडरा काढून लावायची मोठी शस्त्रक्रिया, महिनोन् महिने व्यायाम. तेवढा वेळ आणि पैसा या घरांत कुणाच्या करंगळीसाठी निघणार?

करंगळीच तर आहे, असं म्हणणाऱ्यांनी एक करून बघावं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सरळ ठेवून पाण्यानं भरलेली बादली उचलावी. किंवा नुसतं ओलं फडकं पिळावं. आवळून धरायचं बळ मोठ्या प्रमाणात या दोन बोटांचं असतं. अंगठा आणि त्याच्या जवळची बोटं सुई ओवतात, तांदूळ निवडतात. करंगळीकडची बाजू हंडा, कुऱ्हाड, विळा धरते. या वहिनी आता गाईची धार काढताना मध्ये दोनदा थांबतात. ते काम थोरल्या मुलीकडे गेलं आहे. सकाळी साडेपाचला. मुलगी दहावीत आहे.

म्हणून हाताला खोल कापलं, तर रक्त थांबवून झाल्यावर तीन गोष्टी घरातच तपासायच्या. ज्या बोटाला लागलं आहे ते एकटं, प्रत्येक पेरातून वाकतं का? पूर्ण सरळ होतं का? आणि डोळे मिटून बोटाच्या टोकाला दोन्ही कडांनी हळूच स्पर्श केला, तर दोन्हीकडे सारखं कळतं का? बधिरपणा असेल तर संवेदनेची नस कापली गेली असण्याची शक्यता असते. बधिर बोट दुखत नाही, म्हणून बाई खूश असते. पुढे तेच बोट तव्याला चिकटतं आणि तिला वास आल्यावर कळतं. तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि स्पष्ट सांगायचं, 'बोट वाकत नाही.' नुसतं 'कापलंय' म्हटलं तर गर्दीच्या दवाखान्यात वरून दोन टाके पडतात आणि आतलं तसंच राहून जातं. अजून एक. तिन्ही उत्तरं 'हो' आली, पण जखम खोल आहे आणि वाकवताना कळ येते, तरीही दाखवावं. कंडरा अर्धवट तुटलेली असली तर आज बोट वाकतं आणि चार दिवसांनी हंडा उचलताना उरलेली तुटते.

आता आपल्या घरगुती औषधांविषयी. हळदीवर माझा राग नाही. पण डब्यातली हळद जखमेत कोंबली, की ती निर्जंतुक थोडीच असते? शिवाय डॉक्टरांना आतलं काही दिसत नाही. ती हळद खरवडून काढताना बाई जी ओरडते, ते कापतानाही ओरडलेली नसते. चुना ताज्या जखमेला भाजतो. तंबाखू, चिंधीची राख, दगडीपाल्याचा रस, बांधावरची माती... प्रत्येक गावाचा एक ठरलेला इलाज आहे. आमच्याकडच्या म्हाताऱ्या सांगतात, 'रक्त थांबतं ना? मंग?' रक्त थांबतं हे खरंच आहे. ते स्वच्छ फडकं घट्ट दाबून, हात छातीच्या वर धरून, घड्याळ लावून दहा मिनिटं मध्ये मध्ये न बघता थांबलं तरी थांबतं. त्याआधी जखम पिण्याच्या पाण्याच्या धारेखाली धुवायची, भरपूर. काच, काटा आत खोल रुतला असेल तर तो उपसायचा नाही. हाताला लागलं की अंगठी आणि बांगड्या आधी उतरवायच्या, कारण नंतर सूज चढते आणि कापून काढाव्या लागतात. नव्या नवरीच्या हातातला हिरवा चुडा उतरवायला घरातले का-कू करतात, हेही बघितलं आहे! आणि सुतळी आवळून बांधायची नाही. तिनं बोटाचा उरलेला रक्तपुरवठाही तुटतो.

बोटाचा तुकडाच वेगळा झाला तर? कडबाकुट्टीच्या यंत्रात असं होतं आणि अकोल्यात घरटी गाई असल्यानं ही यंत्रं आता वस्तीवस्तीत आहेत. पदर, ओढणी, सैल बाही आत ओढली जाते आणि पाठोपाठ हात. अशा वेळी तुकडा शोधायचा. पाण्यानं हलकेच धुवून स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, त्यानं तो गोठून निकामी होतो. मग जखमी बाई आणि ती पिशवी, दोन्ही एकाच गाडीतून, मोठ्या शहराच्या दिशेनं. आमच्याकडून नाशिक किंवा पुणे. किती तास लागतील हा हिशेब करत बसायचं नाही.

जखमेच्या मागोमाग येतो धनुर्वात. त्याचं नाव काढलं, की सगळ्यांना गंजलेला खिळा आठवतो. गंजाचा काही दोष नाही. धनुर्वाताच्या जंतूंची बीजं मातीत आणि शेणात असतात, वर्षानुवर्षं टिकतात. हवा न पोचणाऱ्या खोल, अरुंद जखमेत ती रुजतात. म्हणजे बाभळीचा काटा, खुरप्याचं टोक, विळ्यानं झालेली चीर आणि वरून लावलेली माती, सगळी तयारी झालीच. साधारण तीन दिवस ते तीन आठवडे, एवढ्या काळात दातखीळ बसते. तोवर जखम भरून विसरलेलीही असते. मुंबईत 1963 मध्ये धनुर्वातावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्यामागे डॉ. जे. सी. पटेल होते. त्यांनी आणि डॉ. बी. सी. मेहता यांनी 8,697 रुग्णांवरचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. एवढ्या रुग्णांचा अभ्यास आपल्या देशात होऊ शकला, याचा अभिमान वाटावा की दुसरं काही, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

त्या काळी धनुर्वातानं बाळं फार जायची. नाळ कापायला घरातला विळा, नाहीतर हाताला लागेल ते पातं. कापलेल्या टोकावर राख किंवा शेण. आठवडाभरात दूध ओढणारं बाळ ओठ मिटून घ्यायचं. पाचवीला ज्या विळ्याला काही घरांत हळद-कुंकू लागतं, तोच विळा बाळाच्या नाळेला लागलेला असायचा. गरोदरपणातली इंजेक्शनं, दवाखान्यातली बाळंतपणं आणि स्वच्छ ब्लेड यांनी हे चित्र पालटलं. 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. हटल्याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. जंतू मातीतच आहेत, ते कुठे जाणार!

माझं म्हणणं पुढचं आहे. ही लस बाईला मिळते ती लहानपणी, मग शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आणि मग गरोदरपणात. पूर्वीच्या टीटीऐवजी आता टीडी देतात, तिच्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. शेवटचं मूल झालं, की यादी संपली. मग ती पन्नास-पंचावन्नची होईपर्यंत रोज विळा, खुरपं, शेण, माती यांत असते आणि तिचं शेवटचं इंजेक्शन धाकट्या मुलाच्या वेळचं असतं. तो मुलगा आता पंचवीस वर्षांचा! साठीच्या पुढच्या कित्येक जणींची बाळंतपणं घरातच झाली, त्यांना तर तेवढंही मिळालेलं नसतं. आईपणासाठी तिला जपलं, नंतर ती कुणाच्याच वहीत नाही. नियम साधा आहे. आधी पूर्ण डोस झालेले असतील तर दर दहा वर्षांनी एक बूस्टर. जखम माती-शेणानं घाण झालेली असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर तेव्हाही एक. दर खरचटण्याला इंजेक्शन घेत सुटायची गरज नाही. आणि कधीच काही घेतलं नसेल तर एका टोचणीनं भागत नाही, हे डॉक्टरांना सांगून पुढचे डोस पूर्ण करायचे. सरकारी दवाखान्यात ही लस मिळते. घरातल्या सासूबाईंना शेवटचं कधी दिलं होतं, हे आज संध्याकाळी विचारून बघा. उत्तर बहुतेक हसण्यात येईल.

जखमेचा दुसराही एक हिशेब असतो, पैशाचा. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. तिथे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजणीच हत्यारावर! उचल कोयत्यावर मिळते. बायकोच्या हाताला कोयता लागला, की अर्धा नव्हे, पुरा कोयता अडतो आणि दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे कापले जातात. मग पट्टी बांधून ती मोळ्या उचलायला उभी राहते. शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची योजना आहे. 2023 पासून ती गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना म्हणून राबवली जाते. अपघाती मृत्यूला 2 लाख रुपये, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाला तर 1 लाख. चांगली योजना आहे, जरूर माहीत असावी. ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. सातबाऱ्यावर बाईचं नाव असेल तर तिचा हक्क सरळ. नसेल तर घरातली ती 'एक व्यक्ती' कोण, हे घरानं ठरवायचं. दुसऱ्याच्या रानात रोजानं कापणीला गेलेली, स्वतःची गुंठाभर जमीन नसलेली बाई यात कुठे बसते? आणि 'करंगळी वाकत नाही' हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

हे सगळं बोलत असताना एका बैठकीत मी विचारलं, 'तुमच्या घरात विळा कोण विकत आणतं?' बाजारातून लोहाराकडून मालकच आणतात, असं सगळ्या म्हणाल्या. साडी, बांगड्या, भांडी आम्ही बघून घेतो. विळा नाही. म्हणजे जी तो दिवसभर चालवते, तिनं मूठ हातात बसते का, वजन झेपतं का, हे दुकानात कधी बघितलेलंच नाही. मूठ पुरुषाच्या पंज्याची. तिच्या हातात ती फिरते, मग पातंही फिरतं.

दातेरी विळे आता मिळतात, 'वैभव विळा' नावाचा बऱ्याच जणांना ठाऊक असेल. वजनाला हलका, करवतीसारखे बारीक दाते. त्यानं झटका मारावा लागत नाही, नुसतं ओढलं की ताट कापलं जातं. आमच्या एका गटानं गेल्या हंगामात असे डझनभर विळे एकत्र घेतले. या वेळी दुकानात बायका स्वतः गेल्या आणि एकेक मूठ हातात धरून बघत राहिल्या, दुकानदार वैतागेपर्यंत. जोडीला डाव्या हातासाठी जाड कापडी हातमोजेही आणले. ते मात्र दोन दिवसांतच बांधावर पडले. ओलं भात मोज्यातून निसटतं, म्हणाल्या. मग एकीनं नुसत्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला. काळी टोपी घातल्यासारखी बोटं दिसायची. तिसऱ्या दिवशी पातीवरच्या सहा जणींच्या बोटांवर ती टोपी होती.

विळ्यांबद्दल म्हाताऱ्यांची तक्रार आहेच. दातेरी पात्याला घरच्या दगडावर धार लावता येत नाही, गवताला तो चालत नाही. त्यामुळे जुना विळा गवताला आणि नवा भाताला, अशी वाटणी झाली आहे. यंदा दुसरा गटही विचारतो आहे. त्यांची अट एकच, मूठ अजून थोडी बारीक पाहिजे.